भावोजींचं वाकडं तोंड

कणकवलीची बस बोरिवलीला पोचली तेव्हा ऊन नॅशनल पार्कच्या झाडांवर आलं होतं. भावोजी न्यायला हजर. "इलंस गे (आलीस का)? मुंबई तुझ्यासाठीच थांबली होती!" हा माणूस दिवसा ऑफिसात कारकून आणि मंडळाच्या दशावतारात (कोकणातलं लोकनाट्य) विनोदी पात्र. गप्प बसेल तर शपथ!

घरी ताईने तक्रार केली. "सोसायटीत डॉक्टर माहिती द्यायला आले होते. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं बोबडं झालं, तर पक्षाघात समजा, लगेच हॉस्पिटल गाठा म्हणाले. आणि हे मागे बसून वाकडं तोंड करून बायकांना हसवत होते!"

"कंटाळलेल्या बिचाऱ्या," भावोजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं आणि शेजारच्या काकी बसने आरे कॉलनीत गेलो. दुतर्फा झाडी, गोठ्यांचा वास. मुंबईत आहोत हे खरंच वाटेना. झाडाखाली डबा उघडला. घावणे (तांदळाची जाळीदार, पातळ धिरडी) आणि नारळाचा रस. भावोजींच्या हातातला घावणा पडला. उचलला, पुन्हा पडला. त्यांनी वर पाहिलं तर तोंड वाकडं, आणि बोलले ते तोंडातच घोळलं.

काकी आणि मी खो-खो हसलो. "झकास! आता राजाचं सोंग करा," मी म्हटलं.

ताई हसली नाही. "अहो, दोन्ही हात वर करा बघू."

डावा वर गेला. उजवा अर्ध्यातून खाली आला.

"अंगावरून वारं गेलंय गं," काकी म्हणाल्या. "पाणी पाज, घरी नेऊन तेल चोळूया."

"पाण्याचा थेंब नको, ठसका लागेल. आणि घरी नाही, हॉस्पिटल. जिथे मेंदूचा स्कॅन होतो तिथेच जायचं." ताईने रस्त्यात उभं राहून रिक्षा थांबवली.

रिक्षात भावोजींनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं होतं. शब्द जुळवत होते, एकही जुळत नव्हता. ज्याचं तोंड कधी मिटलं नाही त्याची ती धडपड बघवेना. मी रडायलाच लागले.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "कधीपासून?"

"घावणा पडला तेव्हापासून. तासही नाही झाला," ताई म्हणाली.

"वेळेत आणलंत." लगेच स्कॅन झाला, इंजेक्शन दिलं.

चार दिवसांसाठी गेलेली मी महिनाभर राहिले. जुहू बघायचं राहूनच गेलं. निघताना भावोजी गेटपर्यंत आले, आणि मेल्याने पुन्हा तोंड वाकडं केलं! कोणी हसेना.

"हात," ताई म्हणाली.

दोन्ही वर गेले. उजवा जरा सावकाश, पण पार वर. तेव्हा कुठे आम्ही डोळे पुसत हसलो.

आता गावात सगळ्यांना सांगते, कोणाचं तोंड वाकडं दिसलं तर आधी हात वर करायला लावा, आणि सोंग नसेल तर लगेच हॉस्पिटल गाठा. हसायचं काय, मागाहून हसता येतं.