दुलौरिनबाई आणि खदानीतली राखड

दुलौरिन कंवरचा कुणावरच विश्वास नव्हता. गवळ्यासमोर बोट बुडवून ती दूध चाखायची. नवरा गेल्यापासून हे फारच वाढलं. घरामागच्या जुन्या दगडखदानीत पाणी साचलेलं असायचं. म्हैस हाकायला गेलेला तिचा नवरा त्यात घसरला, तो जिवंत वर आला नाही.

कोरब्याच्या वीजकेंद्रातली कोळशाची राखड आणून ही खदान भरायची ठरली. थराथरानं ओली राखड दाबायची, वर जाड मातीचा थर द्यायचा, मग तिथं आठवडी बाजार. ग्रामसभेत सगळ्यात आधी हात वर केला तो तिच्या धाकट्या दिरानं, बिसाहूनं.

"तुला काय मिळालं रे बाबू?" तिनं भर सभेत विचारलं.

"मला काय मिळणार, भौजी? खड्डा बुजेल, बस."

"फुकटात कोण कुणाचा खड्डा बुजवतं?"

त्या दिवसापासून तिनं त्याच्या घरचं पाणी सोडलं. जावेनं तांदळाच्या पिठाचा चीला पाठवला, तर आधी कोंबडीला घातला. कोंबडी धड आहेसं पाहून मग उरलेला खाल्ला.

राखडीनं भरलेल्या हायवा गाड्या यायला लागल्या. दुलौरिन पाण्यात भिजवलेल्या शिळ्या भाताचं, बासीचं भांडं घेऊन महुआच्या झाडाखाली बसायची नि प्रत्येक खेप न्याहाळायची. सुरुवातीला पाणी मारलं, रोलर फिरला. मग पाण्याचा टँकर दिसेनासा झाला. कोरडी राखड उडायची, वाळत घातलेल्या महुआच्या फुलांवर करडा थर बसायचा. खदान काठोकाठ भरली तरी मातीची एक गाडी आली नाही.

"मातीचं काय, मुंशीजी?" तिनं ठेकेदाराच्या माणसाला गाठलं.

"येईल की, दाई. घाई कसली?"

"तुम्ही गेल्यावर येईल ना?"

मुंशी हसला आणि त्यानं ड्रायव्हरला रोलर गाडीवर चढवायला सांगितलं. दुलौरिन तरातरा गेली आणि वाटेत रोलरसमोर उभी राहिली. बायका दारातून बघत होत्या, कुणी पुढे आलं नाही. तेवढ्यात बिसाहू धावत आला. आता आपल्याला हाताला धरून ओढणार, असंच तिला वाटलं. तो तिच्या शेजारी मांडी घालून बसला.

"माती टाका, मग यंत्र न्या," तो मुंशीला म्हणाला.

"तूच तर काम मागितलंस ना!"

"मागितलं. माझ्या भावाला मीच बाहेर काढलंय यातून. पाणी दिसू नये म्हणून मागितलं. लेकरांच्या नाकात राखड जावी म्हणून नाही."

दुलौरिननं त्याच्याकडे नीट पाहिलं.

"हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

"तू खरं मानलं असतंस?"

ती त्याच्या शेजारी खाली बसली. हळूहळू बायकाही येऊन बसल्या. मातीच्या गाड्या सुरू झाल्यावरच रोलर गावाबाहेर गेला.

आता तिथं बाजार भरतो. दुलौरिन तिथं चेच नावाची पालेभाजी विकते, जावेकडे जेवतेही. पण राखडीवर तिचा विश्वास बसलेला नाही. खदानीला लागून असलेल्या आपल्या विहिरीचं पाणी ती पीत नाही, वरच्या पाऱ्यातून, म्हणजे वरल्या वस्तीतून, हंडा आणते.

"भौजी, पाणी तर स्वच्छ दिसतंय," बिसाहू म्हणतो.

"दिसतंय," ती म्हणते आणि हंडा डोक्यावर चढवते. हल्ली जाऊही तिच्यासोबत निघते.