काळी पाचच्या बाई

“दोन्ही तबले आणलेत मी. काळी चारचासुद्धा. पण बाईंना सांगणार कोण?”

“तुम्हीच सांगा. मला पुढच्या महिन्यात त्यांच्याबरोबर मालेगावला जायचंय, तेही जिवंत!”

ग्रीनरूमच्या दाराबाहेर तबलेवाले काका आणि पेटीवाले काका खुसुखुसु हसत होते. आत मी तानपुरा घेऊन बसले होते. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण काल तानपुऱ्याची गवसणी काढताना त्यातला तोच कापराचा वास आला आणि ती संध्याकाळ जशीच्या तशी समोर उभी राहिली.

गाणारा पेटीवरच्या ज्या पट्टीला आपला सा मानतो, ते त्याचं घरच असतं. आमच्या बाईंचं घर काळी पाच. वणीला नवरात्रात गाणारी एक मुलगी पुढे मोठमोठ्या संमेलनांत पोहोचली ती त्याच उंच, लखलखीत आवाजाच्या जोरावर. काळी चार म्हणजे तिथून जेमतेम एक पायरी खाली. पण सत्तरी ओलांडली तरी बाई ती पायरी उतरायला तयार नव्हत्या. मागच्या मैफलीत वरचा सा लावताना आवाज चिरकला, तेव्हा त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं. श्रोत्यांनी ते मानलं. आम्ही मानलं नाही. त्या संध्याकाळी पुन्हा तसंच झालं, तर बाई गाणंच सोडतील, अशी मला भीती वाटत होती.

गंमत म्हणजे शिकवताना त्यांचा असा हट्ट कधीच नसे. पंचवटीतल्या त्यांच्या क्लासच्या खाली भाजीबाजार. मेथीवाला ओरडला की त्या म्हणत, “हा पांढरी चारमध्ये विकतोय. त्याचं त्याला विकू दे, तू तुझ्या पट्टीत गा.” प्रत्येकीचा सा त्या शोधून देत, हरवलेली वस्तू मिळवून द्यावी तसा. माझा सापडायला फार वेळ लागला. “तुझा सा ‘एक्स्क्यूज मी’ म्हणत आत येतो गं, कॉन्व्हेंट!” सगळ्या हसायच्या, मीही हसायचे, कारण ते खरंच होतं. चारचौघांत बोलायचं तर मी वाक्य आधी मनात इंग्रजीत जुळवते, मग मराठीत आणते. तोवर विषय बदललेला असतो. बाईंच्या मागे बसून तानपुरा छेडणं म्हणूनच मला आवडायचं. तिथे बोलावं लागत नाही.

त्या संध्याकाळी बाई आरशासमोर गजरा माळत होत्या. मी तानपुऱ्याची पहिली खुंटी उलटी फिरवली. तार सैल झाली, सूर काळी चारवर घसरला. मग दुसरी. बाईंचा हात केसांतच थांबला.

मैफल पुढे रंगली, हे सांगायलाच हवं. एक पायरी खाली येऊन त्यांचा आवाज किती ऐसपैस झाला! वरच्या ‘सा’वर त्या थांबल्या, हसल्या आणि उन्हात पाठ शेकत बसावं तशा तिथेच रेंगाळल्या. वय आवाजाची धार नेतं, पण जाताना त्यात थोडी ऊब ठेवून जातं, हे मला तेव्हा कळलं. तबलेवाले काका तर इतके खूश, की समेवर बाईंकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत होते.

पण मला जास्त आठवतो तो आधीचा क्षण. बाई आरशातूनच माझ्याकडे बघत होत्या.

“कुणी सांगितलं तुला हे?”

दोन्ही काका दारात येऊन उभे होते आणि अचानक छताचा पंखा निरखू लागले होते. त्यांच्याकडे बोट दाखवणं सोपं होतं. नुसतं “सॉरी” म्हणून तारा परत चढवणं त्याहून सोपं. यावेळी वाक्य मनात जुळवायला वेळच मिळाला नाही.

“कुणी नाही, बाई,” मी म्हणाले. “तुमचा वरचा सा आला, की मागे बसून माझा श्वास अडकतो. आज मला नुसतं तुमचं गाणं ऐकायचंय.”