डाव्या पंखाची शिवण

मंगळवारी सकाळी त्यांच्या हातातून सुई पडली. त्यांनी ती उचलली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा मी उचलली.

यजमान गेले त्याला आता दोन वर्षं झाली. भेटायला येणारी माणसं त्यांच्या शेवटच्या दिवसांबद्दल विचारतात. मी सांगते, पण माझ्या मनात ते दिवस नसतात. मनात कांद्याची रिकामी चाळ असते आणि तिच्यात कडेवर उभा केलेला विमानाचा डावा पंख.

माझे यजमान पुण्याजवळ एका ग्लायडर केंद्रात कामाला होते. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. ते ओढून वर सोडतात आणि मग ते घारीसारखं हवेवर फिरत राहतं. त्या वेळी ही विमानं लाकडाची असत. पंखाचा सांगाडा लाकडाचा आणि वरून कापड. काही वर्षांनी कापड जुनं होतं. ते उतरवायचं, आतलं लाकूड तपासायचं, नवं कापड चढवायचं आणि पंखाला कुठे पीळ पडला नाही ना, ते पाहायचं, हे त्यांचं काम. त्यांनी दुरुस्त केलेला पंख पुन्हा दुरुस्तीला आला नाही, असं तिथले लोक म्हणत. ते स्वतः असं काही म्हणत नसत.

बहात्तर साली पाऊस आला नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्याआधी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. केंद्रात त्यांनी पाठीचं दुखणं सांगितलं आणि लांबची रजा घेऊन घरी आले. आमचं गाव काष्टीपासून दोन कोसांवर. महिन्याभराने केंद्राचं पत्र आलं. एका ग्लायडरच्या डाव्या पंखाचं कापड बदलायचं आहे, तिकडे करणारं दुसरं कोणी नाही, पंख रेल्वेने पाठवला तर घरी बसून जमेल का? पंख तपासणीत पास झाला तर पुढचेही पाठवू.

ते पत्र त्यांनी दोनदा वाचलं. मग मला दिलं. मी मॅट्रिक झालेली होते, आणि वाचायला काहीही मिळालं तरी सोडत नसे, म्हणून घरातली पत्रं माझ्याकडेच येत. मी वाचून त्यांच्या हाताकडे पाहिलं. त्यांनी तो हात मांडीखाली घेतला.

"जमेल म्हणून लिही," ते म्हणाले.

मी लिहिलं. हाताबद्दल काही लिहिलं नाही.

पंख काष्टी स्टेशनवर उतरला. दोन बैलगाड्या एकामागे एक बांधून, मध्ये पेंढा घालून तो गावात आणला. घरात मावण्यासारखा नव्हताच. पण त्या साली कांदा झाला नव्हता आणि मळ्यातली कांदा साठवायची चाळ रिकामी होती. लांबट, अरुंद, कुडाला फटी असलेली. पंख आत गेला तेव्हा दोन्ही टोकांना हातभर जागा उरली. ते खूश झाले. म्हणाले, "मापानं बांधल्यासारखी आहे."

जुनं कापड उतरवल्यावर आतला सांगाडा उघडा पडला. पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत एकामागे एक बारीक लाकडी बरगड्या. सासूबाई दाराशी उभ्या राहून बराच वेळ पाहत राहिल्या. बाहेर दावणीला आमची जनावरंही तशीच दिसत होती.

"याच्या बी बरगड्या निघाल्यात की रं," त्या म्हणाल्या. "तिकडं बी चारा न्हाई व्हय?"

ते हसले. घरी आल्यापासून पहिल्यांदा.

लाकडाचं काम त्यांना जमलं. बोटाच्या पेराने ते एकेक बरगडी वाजवून पाहत. सांध्याचा सरस धरून असेल तर लाकूड बोलतं, सुटला असेल तर बद्द वाजतं. दोन बरगड्या बद्द वाजल्या. त्या त्यांनी सोडवून नीट बसवल्या. रंधा किंवा करवत हातात असली की हात गप्प बसायचा. वस्तू जड असली की थरथर कमी होई. मला वाटू लागलं, बरं होतंय.

सुई हलकी असते.

पंखाची सुई वीतभराहून लांब होती आणि तिला दोन्हीकडे टोक होतं. कापड पंखावर पिशवीसारखं चढवून झालं की ते प्रत्येक बरगडीला शिवून टाकायचं असतं, नाहीतर हवेत ते फुगून वर सुटेल. पंख कडेवर उभा करायचा. एका बाजूला एक माणूस, दुसऱ्या बाजूला दुसरा. इकडच्याने सुई आरपार घालायची, तिकडच्याने ओढून घ्यायची आणि बरगडीच्या दुसऱ्या अंगाने परत पाठवायची. मग इकडच्याने मेण लावलेल्या दोऱ्याची गाठ मारायची. पुन्हा तीन बोटं पुढे. एका पंखाला अशा शेकड्यांनी गाठी. मधे कापडाच्या दोन भिंती असतात, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही.

आधी गाठीच्या बाजूला ते होते आणि परत पाठवायला मी. त्या मंगळवारी मी त्यांच्या बाजूला जाऊन सुई उचलली आणि तिथेच उभी राहिले. ते पंखाला वळसा घालून माझ्या जागेवर गेले.

थोड्या वेळाने पलीकडून आवाज आला, "पाठव."

मी सुई घातली. "आली का?"

"आली."

त्यांच्या बाजूलाही सुई नेमक्या खुणेवर घालावी लागे. पहिल्या दिवशी ती तीनदा चुकली, आणि तीन नको असलेली भोकं पडली. मग त्यांनी लाकडाचा एक छोटा ठोकळा केला, त्याला भोक पाडलं. ठोकळा बरगडीला दाबून धरायचा आणि भोकातून सुई लोटायची. दाबून धरल्यावर हात ऐकायचा. ठोकळ्यामुळे वेळ दुप्पट लागे. आम्हाला घाई नव्हती. रानात काम नव्हतं.

सासूबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. दुपारी भाकरी खायला आल्या की चाळीवरून जाताना ऐकत.

"दिसभर काय गं, आली का, आली का? कोन यायचंय?"

"सुई, आत्याबाई."

"मला वाटलं पाव्हनं. म्हनलं, खायाला काय घालायचं."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्यांतली बहुतेक ते पुण्याकडे आणि मी गावाकडे. दोघांनी दिवसभर एका कामाला लागण्याची ती पहिलीच वेळ. समोरासमोर बसलो असतो तर आम्ही फार बोललो नसतो. पंख मधे असल्यावर बोलणं सोपं झालं. केंद्रात संध्याकाळी विमानं उतरतात तेव्हा पंखातून बारीक शीळ ऐकू येते, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. मी त्यांना सांगितलं की मला शिक्षिका व्हायचं होतं. "मला ठाऊक आहे," ते पलीकडून म्हणाले. कसं ठाऊक, ते विचारायचं राहून गेलं.

आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. लग्नात माझं नाव बदललं. ताटातल्या तांदळात अंगठीने त्यांनी नवं नाव लिहिलं, आणि सासरी सगळे त्याच नावाने हाक मारू लागले. जुनं नाव माझ्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर होतं आणि सर्टिफिकेट ट्रंकेत होतं.

अकराव्या बरगडीला माझ्याकडून चूक झाली. रोज दिवस मावळायच्या आत ते माझ्या बाजूला येऊन गाठींवरून बोट फिरवत. थरथरणाऱ्या बोटालाही गाठ कळायची. त्या दिवशी बोट थांबलं.

"ही कुणाची गाठ?"

मी पाहिलं. हाताच्या सवयीने मी गोधडीची गाठ मारली होती, आईने शिकवलेली. सगळ्या बरगडीभर.

"आईची," मी म्हणाले. "घट्ट असते. तुमच्या गाठीपेक्षा घट्ट."

"घट्ट आहे. पण ही सुटली की पुढची सुटते, मग तिच्या पुढची. गोधडीला चालतं, पहाटे लक्षात येतं." त्यांनी दोरा नखाने उचलून दाखवला. "आपल्या गाठीचं तसं नाही. एक तुटली तर शेजारच्या गाठीला कळतसुद्धा नाही. ती आपली धरून राहते."

"मग?"

"उसव."

मी अख्खी बरगडी उसवली. उसवताना मला राग आला होता, आणि तो सुईच्या खुपसण्यातून पलीकडे पोचत असावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिवायला घेतली तेव्हा पलीकडून आवाज आला, "हळू गं. मी इकडंच आहे."

शिवण संपल्यावर कापडावर डोप लावायचा होता. हे एक पातळ, झोंबरं रसायन. ते वाळताना कापड आकसतं आणि ढोलकीच्या पानासारखं ताणलं जातं. हवेत ओल असेल तर डोप पांढरा पडतो. त्या साली हवेत ओल कुठून असणार? बाकी सगळं करपवणारी ती हवा आमच्या पंखाला मात्र मानवली, आणि याची मला थोडी लाजही वाटली. डोपला पिकलेल्या केळ्यांचा वास येतो. वारा गावाकडे होता. तासाभरात पोरं मळ्यात गोळा झाली, त्यांच्यामागे दोन म्हाताऱ्या. सासूबाईंनी आत येऊन चारी कोपरे पाहिले.

"केळी कुठं लपिवली?"

"केळी नाहीत, आई," ते म्हणाले. "हे औषध आहे."

"पंखाला केळ्याचं औषीद," त्या म्हणाल्या, "आन् मानसाला रेशनची लाल मिलो जवारी." बाहेर जाऊन त्यांनी पोरांना सांगितलं, "न्हाई रं काय. जावा घरी. नुसता वास हाय."

पंख जुळवायचं काम मात्र पूर्ण त्यांचं. तिथे मी फक्त दोरा धरला. मुळापासून टोकापर्यंत दोरा ताणायचा, ओळंबा सोडायचा, ठिकठिकाणी माप घ्यायचं. टोकाकडे पंखाची पुढची कड किंचित खाली वळलेली हवी, म्हणजे वेग कमी झाला तर मुळाशी हवा आधी सुटते आणि टोक शेवटपर्यंत धरून राहतं. मागच्या कडेला एक हलती झडप असते, तिच्यामुळे विमान कलतं. ती बोटाने उचलून सोडली की कुठेही न अडकता खाली आली पाहिजे. ती त्यांनी दिवसभरात किती वेळा उचलून सोडली असेल! शेवटी ते प्रत्येक दोन बरगड्यांमधलं कापड टिचकीने वाजवत गेले. एका ठिकाणी थांबले, मला म्हणाले, "हे ऐक." मला फरक कळला नाही. त्यांनी तिथे डोपचा आणखी एक हात दिला, आणि वाळल्यावर पुन्हा वाजवलं. तेव्हा कळला.

तपासणीचे साहेब येणार त्याच्या आदल्या दुपारी मी म्हणाले, "शिवण तुम्हीच केली म्हणून सांगा. कोण बघायला आलं होतं?"

ते ठोकळ्याचं भोक पाहत बसले होते. "बघू," म्हणाले.

"हाताचं कळलं तर पुन्हा काम पाठवणार नाहीत."

"हं."

साहेब मोठे सावकाश काम करणारे गृहस्थ होते. बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन त्यांनी पंखाच्या आत पाहिलं. मापं घेतली. अंगठ्याने कापड दाबलं. मग खाली वाकून गाठी पाहू लागले, एकामागून एक. अकराव्या बरगडीवर त्यांचं बोट फिरत होतं तेव्हा मी दाराशी चहाचे कप घेऊन उभी होते, आणि कप वाजू नयेत म्हणून ते एकमेकांपासून दूर धरले होते.

"सुरेख," ते म्हणाले. "तुमचा हात आहे तसाच आहे. आणा, सही करा."

त्यांनी पंखाची वही उघडून पुढे केली. कामाचा रकाना, आणि शेजारी करणाऱ्याचं नाव आणि सही. माझ्या यजमानांनी पेन हातात घेतलं. पेनही हलकंच.

"साहेब, जुळवणी माझी आहे," ते म्हणाले. "शिवण माझी नाही. हिची आहे." आणि त्यांनी उजवा हात पुढे धरला, थरथरत होता तसाच.

साहेबांनी हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा गाठींकडे.

"उसवायला लावली होती का कुठे?"

"एक बरगडी."

"कुठली ते कळत नाही," साहेब म्हणाले. मग वहीकडे बोट करून म्हणाले, "तुमच्या देखरेखीखाली, असं लिहा. आणि त्यांचं नाव लिहा. शिकलेल्या आहेत का?"

"मॅट्रिक. सर्टिफिकेटवर आहे तेच लिहितो."

ठोकळा त्यांनी मनगटाखाली घेतला, वही मांडीवर दाबून धरली आणि लिहायला लागले. वेळ लागला. अक्षरं वेडीवाकडी आली. लिहून झाल्यावर ते त्यांनी साहेबांना वाचून दाखवलं, माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. त्या घरात ते नाव कोणी उच्चारल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. मला वाटत होतं, ते त्यांच्या लक्षातही नसावं.

सासूबाई दाराशी आल्या होत्या. "ही कोन?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"मी, आत्याबाई."

त्यांनी माझ्या हातातले कप घेतले आणि स्वतः आत नेऊन दिले.

जाताना साहेब त्यांच्याशी गाडीजवळ बोलले. डॉक्टरांचं नाव दिलं. पावसाळ्याच्या तोंडाशी केंद्राचं कार्ड आलं, त्यात लिहिलं होतं, पंख चढवला, विमान सरळ जातं, वैमानिकाने हातातली काठी सोडली तरी कुठे कलत नाही. ते कार्ड त्यांनी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं. दुसरा पंख आला नाही. नंतर ते साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागले, आणि पुढे हात फारच हलू लागल्यावर घरीच राहिले. खोटं सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. शेवटच्या वर्षांत मी त्यांना भरवायची. घास पुढे केला की ते पाहायचे आणि म्हणायचे, "आली का?" मी म्हणायची, "आली."

ते ग्लायडर आता नाही. वही कुठे आहे, ठाऊक नाही. ठोकळा हरवला. सुई माझ्या शिवणयंत्राच्या खणात आहे.