अकरा दिवसांचं दूध

नर्सनं माझ्या बायकोचं दूध सिंकमध्ये ओतलं. मी तिथंच उभा होतो. मी म्हणालो, "थँक यू."

बाटली विसळून तिनं माझ्या हातात दिली. "लसणाचा वास येतो. तुम्ही लोक काय खाता, कोण जाणे. आमचं डब्याचं दूधच बरं आहे त्याला." मी मान हलवली. हसलोसुद्धा असेन.

चौऱ्याऐंशीचा हिवाळा. शिकागोजवळ शॉमबर्गला आम्ही राहत होतो. मुलगा सातव्या महिन्यातच झाला. सव्वा किलोचा. काचेच्या पेटीत, नाकात नळी. त्या नळीतून दर तीन तासांनी थोडं थोडं दूध. सुमनचं पोट फाडून त्याला काढलं होतं. टाके ओले, बाहेर बर्फ. तिला घरी सोडताना डॉक्टरांनी पुढचे दोन आठवडे गाडीत बसायची मनाई केली होती. ती घरी बसून, दात आवळून, हातानं दाबायच्या छोट्या पंपानं दूध काढायची. ऑफिसला जाताना मी ते बर्फाच्या डब्यातून हॉस्पिटलात न्यायचो.

त्या संध्याकाळी तिनं विचारलं, "प्यायला?"

"प्यायला."

"सगळं?"

"सगळं. ओठ हलवत होता."

नळीनं पिणारं मूल ओठ कशाला हलवेल? पण ती हसली. मला तेवढं पुरलं.

मग मी त्याहून वाईट केलं. तिच्या आईनं पत्रात लिहिलं होतं, लसूण खा, अळिवाची खीर खा, दूध येतं. मी म्हणालो, "डॉक्टर म्हणालेत, लसूण बंद कर. अळीवही नको." डॉक्टर काहीच म्हणाले नव्हते. ती बिनफोडणीचा वरणभात खाऊ लागली. दूध कमी झालं. ती स्वतःलाच बोल लावायची. मी ऐकत राहायचो. आणि सकाळी पुन्हा बाटली घेऊन निघायचो. ओतली जाणार हे माहीत असून.

का बोललो नाही?

आमच्या गावच्या शाळेत दर जूनला संस्थेचे अध्यक्ष वह्या वाटायचे. आमच्या वस्तीतल्या पोरांची रांग वेगळी. आमच्या ओंजळीत वह्या वरूनच सोडायचे. हाताला हात लागू नये म्हणून. आम्ही "धन्यवाद" म्हणायचं. मी सगळ्यात मोठ्यानं म्हणायचो. त्या वह्यांवर शिकून मी घरातला पहिला पदवीधर झालो, अमेरिकेत आलो. आणि या हॉस्पिटलनं तर माझं मूल जगवलं होतं. त्यांच्यापुढं तोंड उघडणं म्हणजे कृतघ्नपणा, असं मला खरंच वाटायचं.

बाराव्या दिवशी सुमन हट्टानं आली. "तो कसा पितो ते मला बघायचंय," म्हणाली. नर्सनं सवयीनं माझ्याकडून बाटली घेतली, झाकण काढलं, सिंकमध्ये उलटी केली.

सुमन बघत राहिली.

"हे रोजचंच?"

मी मान हलवली.

"आणि तुम्ही काय म्हणता तिला?"

"थँक यू."

ती ओरडली नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. निघण्याआधी काढलेलं दूध तिच्या पर्समध्ये होतं. ती छोटी बाटली तिनं माझ्या हातात ठेवली. "हे द्यायला सांगा."

डॉक्टर राउंडला आले. मी विचारलं, आईचं दूध देऊ नका असं तुम्ही लिहिलंय का? त्यांनी कागद चाळले. "नाही. का?"

एवढंच. पहिल्या दिवशी विचारता आलं असतं, एवढंच.

नर्स लाल झाली. "तुमच्या मुलासाठी आम्ही इतकं करतो. तुम्ही आभारी असायला हवं."

"आभारी आहे," मी म्हणालो. "दूध द्या."

तिनं बाटलीसाठी हात पुढं केला. मी सोडली नाही. म्हणालो, आधी नळीची तयारी करा. शेवटचा थेंब उतरेपर्यंत मी पेटीपाशी उभा राहिलो. थँक यू म्हणालो नाही.

मुलगा जगला. आज माझ्याहून उंच आहे. पण तेवढ्यानं माझी सुटका होत नाही. ओतलं तिनं, पण अकरा दिवस बाटली तिच्या हातात देणारा मी होतो. सुमननं तो विषय पुन्हा काढला नाही. मीही माफी मागितली नाही. ती मागून मला हलकं व्हायचं नाही. पुन्हा कुणी माझ्या माणसांचं काही माझ्यादेखत ओतायला निघालं, तर आधी त्याचा हात धरीन. आभाराचं नंतर बघू.