डमीची पूजा

सांगलीला आम्ही डॉक्टरकी शिकायचो तेव्हा कॉलेजात हृदय बंद पडलेल्याची छाती दाबायचा सराव करायला एक रबरी डमी होती. खराब होईल म्हणून ती कायम कपाटात, कुलपात. खंडेनवमीला तेवढी बाहेर काढायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची आणि पुन्हा आत ठेवायची. तिच्या छातीला कुणाचा हात लागला नाही. मिनिटाला किती वेळा दाबायचं, हे मात्र तोंडी परीक्षेत आम्ही सगळ्या पोपटांनी घडाघडा सांगितलं. मला पैकीच्या पैकी.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत सातारा स्टँडवर एक म्हातारा आमच्यासमोर कोसळला. आम्ही चौघे, हातावर पांढरे ॲप्रन टाकून मिरवणारे. एकाला नाडी सापडेना, दुसरा सरांना फोन लावत बसला, तिसरा नुसताच घामाघूम. मी गर्दी मागे सारत होतो, कारण तेवढंच येत होतं. शेवटी एक रिटायर फौजी आम्हाला कोपरानं ढकलून गुडघ्यावर बसला आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत एकटा छाती दाबत राहिला. म्हातारा वाचला.

मग घाम पुसत फौजीनं विचारलं, "काय शिकता रं तुमी?"

ॲप्रन पाठीमागे लपवत मी म्हणालो, "कॉमर्स."