मावशीचा उपवास

काकांचा फोन आला तेव्हा मी आकुर्डीला एका कारखान्याच्या गेटवर युनियनची पत्रकं वाटत होते. "ये गं लवकर. तुझी मावशी उठंना..." एवढंच बोलले. पिंपळे गुरवला पोचले, तोवर डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय थांबलं होतं. तिच्याकडे बघवेना म्हणून मी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. गजाला फडक्यात बांधलेली मटकी लटकत होती, आदल्या संध्याकाळी तिनेच बांधलेली. फडक्यातून मोड बाहेर डोकावत होते.

मावशी लातूरकडची. चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत लाइनवर उभी राहायची. शुगर निघाली तेव्हा तिला आधी आठवली तिची आई. याच आजारात आजीचा पाय गुडघ्यापासून काढला होता. "मला शेवटपर्यंत माझ्या पायानं चालायचंय," मावशी म्हणायची, आणि रोज घरी आली की पाय उलटेसुलटे करून बघायची.

गोड तिने त्याच दिवशी सोडलं. वर गुरुवार, संकष्टी आणि एकादशीही धरली. उपवासाने शुगर उतरते, हा आमच्या घराचा ठाम समज! मग दिवसभर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, उकडलेली रताळी. पुढच्या तपासणीत शुगर आणखी चढलेली. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "मावशी, तुमच्या उपवासापेक्षा जेवण बरं."

घरी येऊन तिने साबुदाण्याचा डबा शेजारी देऊन टाकला. गोळ्या चालू होत्याच, आता ताट बदललं. मोडाच्या मटकीची उसळ, शेपू, मेथी, अंड्याची पोळी, दाण्याचं कूट घातलेली काकडी, ताक आणि ज्वारीची अर्धीच भाकरी. एकदा तिने फ्लॉवर किसून त्याचा भात केला. काकांनी एक घास घेतला आणि विचारलं, "भातानं तुझं काय वाकडं केलंय गं?" ती इतकी हसली की तिला ठसका लागला... ते हसू मला अजून त्या ओट्यापाशी ऐकू येतं.

घरचं जमलं, कंपनीत अडलं. बाहेरचा डबा गेटच्या आत न्यायला बंदी. कॅन्टीनच्या ताटात भाताचा ढीग, बटाट्याची भाजी, दोन पोळ्या. मी संतापून पत्रक लिहिलं: पथ्याचं जेवण हा कामगाराचा हक्क आहे, भीक नाही! मावशीने ते शेवटपर्यंत वाचलं, नीट घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या आचाऱ्यासमोर उभी राहिली.

"भाऊ, माझा उपवास हाय."

"आज कसला हो मावशी?"

"रोजचाच. भात, बटाटा, साखर चालत न्हाई. उसळ, पालेभाजी, ताक चालतंय."

उपवासाचं ताट आमच्याकडे कुणी अडवत नाही. डॉक्टरची चिठ्ठी दाखवली असती, तर ती मॅनेजरच्या टेबलावर पडून राहिली असती. आचाऱ्याने आतून उसळ आणून वाढली. हळूहळू लाइनवरच्या शुगरवाल्या बायका तिच्यामागे उभ्या राहू लागल्या. "मलाबी मावशीचा उपवास."

मी भडकले. "हक्क मागायचा सोडून देवाच्या आड लपतेस?"

"देवाचं नाव मी कुठं घेतलं बाई? त्यांनीच मनात धरलं." मग पाय चोळत म्हणाली, "तू लिही की तुझं पत्रक. म्या नको म्हणलंय का? पण ते मंजूर होईस्तोवर मी काय खाऊ?"

माझं म्हणणं अजून बदललेलं नाही. आजारी माणसाला जेवणासाठी उपवासाचं सोंग घ्यावं लागतं, ही शरमेची गोष्ट आहे, आणि ती मी प्रत्येक गेटवर ओरडून सांगेन. फक्त ते पत्रक लिहून झालं की पहिल्यांदा वाचणारं, "जरा सोपे शब्द वापर की" म्हणणारं माणूस आता नाही...

तेराव्याला लाइनवरच्या बायका फर्स्ट शिफ्ट संपवून आल्या. पंगतीत भाताचं पातेलं आलं, तशी एकीने ताटावर आडवा हात धरला. मग दुसरीने. वाढणारा गोंधळला. "उपवास हाय आमचा," पहिली म्हणाली.

शेवटपर्यंत मावशी आपल्या दोन्ही पायांवर चालली. तिच्या चपला दाराशी अजून तशाच आहेत. संध्याकाळी मी काकांकडे जाते, भिजलेली मटकी निथळते, त्याच फडक्यात बांधते, त्याच गजाला अडकवते. गाठ तिच्यासारखी बसत नाही. सकाळी काकांचा फोन येतो.

"मोड आलेत गं."