छावणीतला कार्डिओग्राम

माणसाच्या मनगटावर आमच्या दाजींइतका जीव असलेला माणूस अख्ख्या केज तालुक्यात झाला नाही आणि होणारही नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान पेशानं डॉक्टर. कुणी हात पुढं केला की राम राम राहायचा बाजूला, हे नाडी धरून बसायचे. एका लग्नात आहेर करता करता नवरदेवाची नाडी बघून म्हणाले, "घाबरलाय, बाकी बरं हाय." खिशात पेनाशेजारी लेकीच्या कंपासपेटीतला कर्कटक. कार्डिओग्रामची पट्टी निघाली की ठोक्याठोक्यांमधली अंतरं कर्कटकानं मोजत सुटायचे. तोवर पेशंटनं शिंकायचं नाही. पोरगी बिचारी शाळेत बांगडी ठेवून वर्तुळं काढायची.

दुष्काळात सोसायटीनं चारा छावणी उघडली, तेव्हा वडील बैलजोडी घेऊन तिथंच मुक्कामाला गेले. मधूनच भोवळ येऊन पडायचे. उन्हानं होतंय, असं सगळेच म्हणायचे, मीसुद्धा. दाजी मात्र मशीन फटफटीला बांधून हजर. पहिली पट्टी निघाली ती नुसती वेडीवाकडी! दाजींनी खाली वाकून बघितलं, तर बैलाचं दावं खाटेच्या पायाला बांधलेलं आणि बैल मान हलवतोय. "हे मामांचं न्हाई, बैलाचं हाय," म्हणत त्यांनी दावं सोडलं. मला हसू फुटलं. दुसरी पट्टी स्वच्छ निघाली, तिच्यावर कर्कटक फिरला, पण दाजी हसले नाहीत.

हृदयाच्या वरच्या कप्प्याचे ठोके वेळच्या वेळी पडत होते. खालचा कप्पा त्यांना न जुमानता आपल्याच संथ चालीनं चालला होता. "कारखान्याचा चेअरमन हुकूम सोडतोय, पण उसाच्या फडापर्यंत निरोपच पोचंना," असं त्यांनी मला समजावलं. पेसमेकर बसवायला आजच शहरात न्यायला हवं, नाहीतर पुढची भोवळ शेवटचीही ठरेल. वडील हटेनात. बैलं कुणावर टाकू, हा एकच हेका.

दाजी इस्तरीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडू लागले. "तुमी निघा मामा. शेण मी काढतो."

"जावयानं शेण काढायचं? लोक माझ्या तोंडात घालतील ते."

"मग लवकर बरे होऊन या."

वडील जीपमध्ये बसले. सोबत मी गेलो.

पेसमेकर बसवून परत आलो, तर दाजी खरंच छावणीत, दवाखान्याला कुलूप घालून. पाय घोट्यापर्यंत शेणानं माखलेले. वडिलांनी टँकरचं पाणी भरून ठेवलेली कळशी ओढली आणि लग्नात धुतात तसे जावयाचे पाय धुवायला बसले. दाजी संकोचून पाय मागं घेऊ लागले, पाणी कशाला वाया घालवता म्हणाले.

"गप बसा," वडील म्हणाले, "वाकता येतंय तवर वाकू द्या."

माझे डोळे भरून आले. त्या पाण्याबद्दल छावणीत कुणी चकार शब्द काढला नाही.